आल्विनची फुली

ट्रामच्या थांब्यापाशी एका अनोळखी म्हाताऱ्यानं रस्ता ओलांडायला म्हणून ओटिलीचा कोपर धरला आणि ती किंचाळली. म्हातारा बिचारा दोन पावलं मागं सरला आणि टोपी काढून हात जोडावेत तसा उभा राहिला. पावाच्या दुकानातली बाई दारात आली. "काय हो, पाकीट मारलं का?" तिनं विचारलं. "छे हो!" म्हाताराच रडवेला होऊन म्हणाला, "चष्मा घरी राहिला माझा. नुसता हात धरला मी बाईंचा. जळलं मेलं म्हातारपण!" ओटिलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काही नाही, मी दचकले," असं काहीतरी पुटपुटत तिनं आपणहून त्याचा हात आपल्या कोपरावर ठेवला आणि त्याला पलीकडे नेऊन सोडलं. तिथं त्यानं दोनदा आशीर्वाद दिले. म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. ती हसली. घरी जायची ट्राम समोर येऊन उभी राहिली आणि निघूनही गेली, तरी ती तिथंच उभी होती. डाव्या कोपराशी कोटाची लोकर चुरगळली होती. उजव्या हातानं ती तिथली लोकर सारखी करत राहिली.

मग ती चालतच निघाली. बटणं आणि फिती विकायच्या दुकानात दिवसभर उभं राहून पाय दुखत होते. पण घर जितकं उशिरा येईल तितकं बरं, असं तिला हल्ली वाटायचं. डेसाऊच्या रस्त्यांवर अजून भिंतीभिंतीवर निवडणुकीचे कागद चिकटलेले होते. ओले होऊन त्यांचे कोपरे लोंबत होते. आन्हाल्टच्या विधिमंडळाची निवडणूक रविवारी झाली, सोमवारी निकाल लागले, आणि एवढ्याशा राज्यात इतकी वर्षं कारभार हाकणारा सोशल डेमोक्रॅट पक्ष पायउतार होणार हे ठरूनही गेलं. नाझी पक्ष सगळ्यांच्या पुढं गेला होता. त्यांचा मुख्यमंत्री होणार, असं दुकानात बोललं जात होतं. मालकीणबाई मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या होत्या, "एकदोन जागांवर सगळा खेळ आहे म्हणे. बघा, एकेका मताला किती किंमत असते." आणि ओटिलीनं गिऱ्हाइकाला काळ्या बटणांऐवजी निळी बटणं बांधून दिली होती.

तिच्या डाव्या कोपरावर आल्विनचा हात असायचा. पाठचा भाऊ. महायुद्धात फ्लँडर्सच्या खंदकातून डोळे गमावून परत आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, ती अठ्ठावीसची. दवाखान्यातल्या नर्सनं तिला दाखवून दिलं होतं, की आंधळ्याला आपण धरायचं नाही, त्याला आपला कोपर धरू द्यायचा आणि आपण अर्धं पाऊल पुढं चालायचं. पायरी आली, खड्डा आला, की आपलं अंग आपोआप हलतं आणि त्याला ते कळतं. पुढं पुढं तिला तो हात आपल्याच शरीराचा भाग वाटायला लागला. एकटी चालताना तिचा डावा खांदा थोडा खाली यायचा. तो हात किती हलका होता! तक्रार नसायची त्या हाताची. तक्रार सगळी तोंडाची. सूप खारट, खिडकी उघडी का, पेपर वाचताना तू अवघड नावं गाळतेस, मला फसवू नकोस. घरी बसून तो ब्रश बनवायचा. डुकराच्या केसांचे झुबके लाकडाच्या भोकांतून तारेनं ओढून घ्यायचा, आणि तोंडानं अखंड राजकारण चालू. आठ तासांचा कामाचा दिवस कुणी आणला? बायकांना मत कुणी दिलं? तुला, ओटी, तुला मत कुणी दिलं? आमच्या सोशल डेमोक्रॅट पक्षानं. ती बटाटे सोलत हो म्हणायची. तिनंही दर वेळी त्याच पक्षाला मत दिलं होतं. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

मत द्यायला जाणं हा आल्विनचा सण. रविवारी सकाळी त्यानं स्वच्छ कॉलर मागितली, दाढी दोनदा तपासून घेतली, बाहीवरची अंधांची पिवळी पट्टी तिच्याकडून सरळ करून घेतली. नेहमीप्रमाणे कॉफीवरून बोलून झालं, "ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?" जव भाजून केलेली कॉफी, आणखी कशी लागणार? शेजारच्या पेट्झोल्डबाई जिन्यात भेटल्या. "काय ट्रोगरसाहेब, आज नवरदेव दिसताय!" आल्विन खूश झाला. "नवरदेवच. पण वरात बहिणीच्या हातात आहे." सगळे हसले. ओटिलीसुद्धा हसली, आणि हसता हसता तिला आतून कसलातरी राग आला. तो राग कॉफीचा नव्हता, विनोदाचाही नव्हता. कशाचा होता ते अजूनही तिला नीट सांगता आलं नसतं. वयाची त्रेचाळीस वर्षं आणि हातात कायम दुसऱ्याची वरात, एवढंच तिच्या डोक्यात आलं असेल.

मतदान बिअरखान्याच्या मागच्या हॉलमध्ये होतं. एरवी तिथं शनिवारी चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायचा खेळ चालायचा. दारात वेगवेगळ्या पक्षांची माणसं पत्रकं घेऊन उभी होती, आणि त्यांच्यात लीस्के होता. ब्रूनो लीस्के. नाझींच्या तपकिरी गणवेशावर सरकारनं नुकतीच बंदी घातली होती म्हणून त्यानं पांढरा सदरा घातला होता, पण बूट मात्र तेच होते. त्यानं तिच्या हातात पत्रक दिलं आणि म्हणाला, "विचार करून मत द्या, बाई." बाई. इतर कुणालाही म्हणावं तसं. तिच्याकडं बघून दुसऱ्याच क्षणी तो मागच्या माणसाकडं वळलाही. त्यानं ओळखलं नाही असं नव्हतं. ओळखायचं त्याला काही कारण उरलं नव्हतं. ते तिला जास्त लागलं.

चार वर्षांमागं हाच लीस्के त्यांच्या खोलीला वॉलपेपर लावायला आला होता. विधुर माणूस, कामाला चोख. नमुन्यांची वही तिच्या मांडीवर ठेवून तो एकेक पान उलटत गेला. द्राक्षवेली, कारंजी, निळे पक्षी. आयुष्यात कुणी तिला इतक्या वेळा "तुम्हाला काय आवडेल?" असं विचारलं नव्हतं. तिनं द्राक्षवेली निवडल्या. "भिंतीवर काय आहे?" आल्विन विचारायचा, आणि ती सांगायची तेव्हा लीस्के शिडीवरून हसायचा, दोघांचं काही गुपित असल्यासारखा. काम संपलं तरी तो रविवारी येत राहिला, केक घेऊन. मग धंदे बसले. भिंतींना नवा कागद लावायला कुणाकडं पैसे राहिले नाहीत, लीस्केची शिडी महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहिली, आणि तो केकबरोबर पत्रकंही आणायला लागला. एका रविवारी तो आल्विनला म्हणाला, "तुझ्याच पक्षवाल्यांनी तुझे डोळे फुकट घालवले, आल्विन. जिंकत आलेलं युद्ध त्यांनी मागून सुरी खुपसून हरवलं." आल्विन उभा राहिला. टेबलाचा काठ धरून, शांतपणे म्हणाला, "ओटी, याला दार दाखव. मला दिसत नाही कुठं आहे ते." लीस्के गेल्यावर तो एवढंच बोलला, "या घरात एक तर तो, नाहीतर मी. तू ठरव." यात ठरवायचं काय होतं? ती काय भावाला रस्त्यावर सोडणार होती? लीस्केनं तीन पत्रं पाठवली, तिनं उत्तर दिलं नाही. वर्षभरापूर्वी त्यानं एका बेकरीवाल्याच्या विधवेशी लग्न केलं. तेव्हाही ती रडली नाही. आल्विनचं बरोबरच होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लीस्के जे बोलला ते घाणेरडंच होतं. पण माणूस बरोबर असला म्हणून त्याच्यावर राग येत नाही असं थोडंच आहे? उलट जास्तच येतो. चुकणाऱ्याला निदान माफ तरी करता येतं.

हॉलमध्ये एक निवृत्त मास्तर मतदान केंद्राचे अध्यक्ष म्हणून बसले होते. त्यांनी आल्विनला ओळखून खुर्ची मागं सरकवली. "अंध मतदाराला आपल्या विश्वासातल्या माणसाला आत नेता येतं. कुणाला नेणार, ट्रोगर?" नियम म्हणून विचारावंच लागतं. आल्विन मोठ्यानं म्हणाला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "बहिणीला. तीच माझे डोळे." मग दोघं हिरव्या पडद्यामागं गेले. आत एक फळी, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि दोघांना जेमतेम पुरेल एवढी जागा. कागद लांबलचक होता. एकाखाली एक पक्ष, प्रत्येकापुढं एक वर्तुळ. सोशल डेमोक्रॅट सगळ्यात वर. आल्विनचा हात तिच्या कोपरावर होता आणि त्याचा श्वास तिच्या मानेवर, त्याला त्या पाणचट कॉफीचा वास. "पहिलं वर्तुळ," तो कुजबुजला. "नीट बघ. तुझ्या काही लक्षात राहत नाही." तेवढंच. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं हजार वेळा उच्चारलं असेल, आणि हजार वेळा ते तिच्या कानावरून गेलं होतं. या वेळी ते आत शिरलं. पेन्सिल पहिल्या वर्तुळापाशी होती. ती खाली गेली. तिनंच नेली. कुणी धमकी दिली नव्हती, कुणी पैसे चारले नव्हते, पडद्याआड देवाशिवाय कुणी बघत नव्हतं. ज्या पक्षाचं पत्रक तिच्या खिशात होतं त्याच्या वर्तुळात तिनं दोन स्वच्छ रेघा मारल्या. मारताना तिला काय वाटलं? हे आठवायला नको म्हणून ती आज चालत घरी निघाली होती, आणि चालताना नेमकं तेच आठवत होतं. तिला बरं वाटलं होतं. जोडे काढल्यावर वाटतं तसं. "झालं?" "झालं." "पहिलंच ना?" "पहिलंच." कागदाची घडी घालून तिनं पाकिटात सरकवली, पाकीट त्याच्या हातात दिलं, आणि त्यानं ते स्वतः, बोटांनी पेटीची फट शोधून, आत टाकलं. मास्तरांनी मान लववली. आल्विनचा चेहरा उजळला होता.

मग तिची पाळी. ती एकटी पडद्यामागं गेली आणि तिनं पेन्सिल हातात धरली. आपलं मत तिनं पहिल्या वर्तुळात दिलं. फुली इतकी जोरात मारली की कागद फाटायचा बाकी होता. त्या दिवसापासून ती स्वतःला हेच समजावत होती. माझं तिकडं, त्याचं इकडं, घरातून मतं गेली ती दोन्ही पक्षांना एकेक. फिटंफाट. पण अशी फिटंफाट कुठं होते का? तिच्या मताची पर्वा कुणाला होती? तिला स्वतःला तरी होती का? आल्विनला मात्र जगात एवढीच एक गोष्ट उरली होती, जी तो स्वतः करतो असं म्हणू शकत होता. बाकी सगळं, भाकरी, बटणं, जिना, पेपर, तिच्या हातून. आणि नेमकं तेवढंच तिनं काढून घेतलं. चोरी करायची तर भिकाऱ्याच्या वाडग्यात हात घालावा, तसं झालं हे.

सोमवारी निकाल आले तेव्हा रस्त्यावर बँड वाजत गेला. पेट्झोल्डबाई आत येऊन म्हणाल्या, "जाऊ दे हो ट्रोगरसाहेब, तुम्ही तुमचं काम केलंत. मनाला टोचणी तरी नाही." आल्विन केसांचा झुबका बोटात धरून बसला होता. "हो ना," तो म्हणाला. राजकारणावर तासन्‌तास बोलणारा माणूस त्या दिवसापासून गप्प झाला. पेपर वाच म्हणाला नाही. सूप खारट झालं तरी खाल्लं. रस्त्यानं चालताना त्याचा हात तिच्या कोपरावर होता, पण पूर्वीसारखा टेकलेला नव्हता. धरायचा म्हणून धरलेला होता. पराभव जिव्हारी लागला असेल, असं ती मनाशी म्हणायची. आणि ते खरं नाही, हे तिच्या कोपराला आधीच कळलं होतं.

पुलावर ती थांबली. खाली मुल्डा नदी गढूळ वाहत होती. आज सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. जेवणाआधीच. नाहीतर जेवण होतं, मग भांडी होतात, मग झोपायची वेळ होते, आणि माणूस उद्यावर ढकलतो. काय म्हणेल तो? ओरडेल. ओरडू दे. घर सोड म्हणेल? घर तिच्या नावावर होतं. पण तो गेला तर? आंधळा माणूस जाणार कुठं? हा विचार आला आणि तिला स्वतःची शिसारी आली, कारण त्या विचारात दिलासा होता.

घरात दिवा नव्हता. आल्विनला लागत नाही, त्यामुळे ती नसली की घर अंधारात असायचं. तिनं दिवा लावला. तो टेबलाशी बसला होता, कामाचं सामान बाजूला सारून. टेबलावर कोरा कागद, दौत आणि टाक. ते त्यानं चाचपडत खणातून काढलं असणार. शाईचा एक डाग टेबलक्लॉथवर पडला होता.

"आल्विन," ती कोट न काढताच म्हणाली, "मला तुला काही—"

"आधी लिहायला बस. एक अर्ज आहे."

युद्धाच्या पेन्शनचा असेल म्हणून ती बसली. त्याचे सगळे अर्ज तीच लिहायची. तिनं तारीख घातली.

"निवडणूक अधिकारी, डेसाऊ," तो सांगू लागला. आवाज सपाट, शाळेतल्या शुद्धलेखनासारखा. "मी, आल्विन ट्रोगर, युद्धात अंध झालेला, धंदा ब्रश बनवण्याचा, कळवतो की विधिमंडळाच्या निवडणुकीत माझी मतपत्रिका मी सांगितलं त्याच्या विरुद्ध भरली गेली. लिहिलंस?"

टाक कागदावर थांबला होता. "हो," ती म्हणाली. मग लिहिलं.

"मी पहिलं वर्तुळ सांगितलं होतं. ज्या व्यक्तीला मी विश्वासानं आत नेलं, तिनं खाली फुली मारली. पुढं त्या व्यक्तीचं नाव येतं."

खोलीत घड्याळ नव्हतं, तरी काहीतरी टिकटिकत होतं. नळ असेल.

"नाव तुला ठाऊक आहे," आल्विन म्हणाला. "स्पष्ट अक्षरात लिही."

"कधी कळलं तुला?"

"तुझा हात खाली गेला तेव्हाच. पंधरा वर्षं तो कोपर धरतोय मी, ओटी. तू जिन्यावर जांभई दिलीस तरी मला कळतं."

"मग तिथंच का नाही ओरडलास? मास्तर होते, सगळे होते. दुसरा कागद मिळाला असता!"

"मी विचारलं की. पहिलंच ना, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, पहिलंच. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. ते पाकीट मी माझ्या हातानं पेटीत टाकलं. तुझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून."

"आल्विन, मी— लीस्के तिथं दारात होता, आणि तू मला म्हणालास, की तुझ्या लक्षात राहत नाही, आणि मला—"

"ते अर्जात येत नाही. पुढं लिही." मग आवाज थोडा खाली आणून तो म्हणाला, "यानं काही होणार नाही, ते मलाही कळतं. पेटीतून एक कागद कोण शोधणार? पण त्यांच्या बेरजेत माझी फुली आहे. रस्त्यात बँड वाजला तो माझ्याही फुलीवर वाजला. मी ती मारली नाही, हे कुठंतरी लिहिलेलं असलं पाहिजे. आणि हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ मी? पेट्झोल्डबाईकडून? तुझी अब्रू चव्हाट्यावर जायला नको म्हणून तुलाच सांगतोय."

ओटिलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं आवाज होऊ दिला नाही. रडण्याचा आवाज म्हणजे पुन्हा त्याच्याकडं काहीतरी मागणं. टाक दौतीत बुडवताना तिच्या मनात आलं, की इथं वाटेल ते लिहिता येईल. कोळशाच्या सवलतीचा अर्ज लिहावा आणि वाचून मात्र हे दाखवावं. उद्या टपालात टाकलं म्हणून सांगावं. कुणाला कळणार? हा विचार तिनं बोलावला नव्हता, तो आपोआप आला, सरावाच्या माणसासारखा. त्याची तिला भीती वाटली. मग तिनं लिहिलं, ओटिली ट्रोगर, सख्खी बहीण, राहणार त्याच घरात. अक्षर न थरथरता आलं. आयुष्यात काही लिहिताना तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"वाच," आल्विन म्हणाला.

तिनं वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, स्वतःच्या नावासकट, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर तिनं कागद त्याच्यासमोर सरकवला आणि सही कुठं करायची ते दाखवावं म्हणून त्याचं बोट धरायला हात पुढं केला. त्यानं बोट दिलं नाही. तो तळहातानं कागद चाचपत होता. ओल्या शाईवरून त्याचा हात फिरला आणि बोटं काळी झाली.

"बरं," तो म्हणाला. "आता खरं काय लिहिलंयस ते वाच."

"हेच लिहिलंय, आल्विन."

"वाच."

ओटिलीनं कागद दिव्याजवळ धरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. तेच शब्द होते, त्याच क्रमानं. आपल्या नावापाशी आली तेव्हा तिनं आवाज जरा चढवला, त्याला पटावं म्हणून, आणि तो चढलेला आवाज तिच्या स्वतःच्याच कानांना खोटा वाटला.